दाराबाहेरच्यांचें दफ्तर

नाशिकास पाहुणा आला म्हणजे त्यास पंचवटींत नेऊन काळारामाचें देऊळ दाखविणें हा आम्हां नाशिककरांचा ठरलेला परिपाठ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनीं बांधविलेलें तें काळ्या पाषाणाचें देऊळ, भोंवतालचा प्राकार आणि प्राकाराचे चार दरवाजे. पाहुणा शिखराकडे पाहतो. मी मास्तर माणूस, मी त्यास दरवाजे दाखवितों. कारण आमच्या गांवच्या अर्वाचीन इतिहासांतील सर्वांत मोठी घटना देवळाच्या आंत घडली नाहीं, ती या दरवाजांबाहेर घडली. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें त्या घटनेपेक्षां तिच्या कागदांविषयीं. ते कोणीं लिहिले, कोणीं जपले, आणि कोणाच्या हातून गेले.

घटना थोडक्यांत सांगतों. १९३० सालच्या मार्च महिन्याची २ तारीख, रविवार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं, त्या काळीं अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या समाजाच्या स्त्रीपुरुषांची मिरवणूक देवळाकडे निघाली. ती सुमारें मैलभर लांब होती. माणसें कोणी आठ हजार सांगतात, कोणी पंधरा हजार. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथें सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसूं लागले. पहिल्या तुकडींत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. महात्माजींची दांडीयात्रा त्याच महिन्याच्या १२ तारखेस निघाली. म्हणजे नाशिकचा सत्याग्रह तिच्याआधीं दहा दिवस सुरू झाला होता. हें मी वर्गांत सांगितलें कीं मुलें चकित होत.

९ एप्रिल रोजीं रथाचा दिवस आला. रथ दोन्ही पक्षांच्या माणसांनीं मिळून ओढावा अशी तडजोड झाली होती. ती पाळली गेली नाहीं. रथ परस्पर पुढें पळविण्यांत आला, दगडफेक झाली, माणसें रक्तबंबाळ झालीं. देऊळ पुढें सुमारें वर्षभर बंद राहिलें, आणि सत्याग्रह निरनिराळ्या रूपांनीं १९३५ पर्यंत चालला.

या तारखेविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. कित्येक चरित्रांत व लेखांत हा ९ एप्रिल रामनवमीचा दिवस म्हणून दिलेला आढळतो. आमच्या पंचवटींतल्या कोणत्याही म्हातारीस विचारा. ती सांगेल कीं रामाचा व गरुडाचा रथ निघतो तो रामनवमीस नव्हे, कामदा एकादशीस. त्या वर्षींची चैत्री पौर्णिमा १३ एप्रिलला होती. तेथून मागें मोजीत गेलें म्हणजे एकादशी बरोबर ९ तारखेस येते आणि नवमी ७ तारखेस. तेव्हां तारीख खरी, सणाचें नांव मात्र चुकलें. चूक लहान आहे खरी. पण ती एकानें केली आणि मागून येणाऱ्यांनीं एकमेकांचें पाहून उतरविली, ही गोष्ट लहान नाहीं. एक जुनें पंचांग आणि गल्लींतून रथ जातांना पाहणाऱ्यांची आठवण, एवढ्यानें ती दुरुस्त होते. आणि हीं दोन्ही साधनें मुंबईस किंवा दिल्लीस नव्हे, नाशिकांतच सांपडतात.

आतां कागदांकडे येतों. या सत्याग्रहाचे सर्वांत व्यवस्थित कागद कोणाचे, असें विचाराल तर सरकारचे. मुंबईचें सरकारी दफ्तरखानें १८२१ सालापासूनचें आहे, आणि इंग्रज सरकारास कागद टाकून देण्याची संवय नव्हती, याबद्दल आपण त्याचे आभारच मानले पाहिजेत. महाराष्ट्र शासनानें १९८२ सालीं बाबासाहेब व त्यांची चळवळ यांविषयींच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला; त्यांत सरकारी दफ्तर आणि तत्कालीन वर्तमानपत्रें यांतील मजकूर एकत्र मिळतो. तो वाचतांना पोलिसांची नजर कोठें होती हें चटकन् समजतें. जमाव किती आहे, पुढारी कोण, शांततेचा भंग होईल काय. पहिल्या तुकडींतल्या त्या २५ बायांनीं घरचीं लेंकरें कोणापाशीं ठेविलीं, दिवसाची मजुरी किती बुडाली, दुपारची भाकरी कोठून आली, हें विचारणें कारकुनाच्या कामांत येत नव्हतें. त्यास दोष देऊन उपयोग नाहीं. दोष असलाच तर तेवढ्यावर इतिहास भागविणाऱ्या आपला आहे.

नाशिकचें भाग्य असें कीं दुसऱ्या बाजूचे कागदही कांहीं अंशीं वांचले, आणि ते वांचले एका माणसाच्या काळजीमुळें. दिंडोरी तालुक्यांतले भाऊराव गायकवाड, ज्यांस आपण दादासाहेब म्हणतों, ते या सत्याग्रहाच्या समितीचे चिटणीस. बाबासाहेबांनीं त्यांस वेळोवेळीं लिहिलेलीं पत्रें त्यांनीं जपून ठेविलीं व पुढें तीं छापून निघालीं. त्यांतलें ३ मार्च १९३४ चें पत्र मी पुष्कळदां वाचलें आहे. बाबासाहेब त्यांत कळवितात कीं मंदिरप्रवेशाची चळवळ आतां थांबवावी. आपल्या लोकांनीं मूर्तिपूजक व्हावें म्हणून किंवा देवळांत गेल्यानें समता येईल म्हणून ती आपण आरंभिली नव्हती. लोकांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यांत चैतन्य यावें, यासाठीं ती होती. तें कार्य झालें. यापुढें सारें बळ राजकारण व शिक्षण यांकडे लावावें, असा त्यांचा आशय आहे.

हें पत्र नाहींसें झालें असतें तर काय झालें असतें, याचा विचार करा. दाराशीं बसणारे उठून गेले, एवढेंच सरकारी दफ्तर सांगूं शकतें. मग लोक दमले असावेत, पांच वर्षें बसून निराश झाले असावेत, असा तर्क कोणीही केला असता आणि तो खोडून काढण्यास आधार राहिला नसता. याच जिल्ह्यांत येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं धर्मांतराची जी घोषणा झाली, तिच्यामागची वाटचाल या पत्रावांचून नीट उलगडत नाहीं.

असे जपणारे आणखीही झाले. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनीं बाबासाहेबांच्या हयातींतच साधनें गोळा केलीं. चरित्राचा पहिला खंड १९५२ सालीं निघाला आणि पुढें बारा खंड झाले, त्यांतले कांहीं तर त्यांच्या पश्चात्. १९२० चा मूकनायक आणि १९२७ चा बहिष्कृत भारत यांचे अंक शासनानें १९९० सालीं पुन्हां छापून सर्वांस उपलब्ध करून दिले. त्याच्या आदल्या वर्षीं ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं चळवळींतल्या स्त्रियांच्या घरीं जाऊन त्यांच्या तोंडून आठवणी टिपून घेतल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हें पुस्तक सिद्ध केलें. ज्यांच्याजवळ कागदच नव्हता त्यांच्यासाठीं हा एकच मार्ग होता, आणि तो फार उशिरां सुचला.

उशीर म्हणजे काय तें मी पाहिलें आहे. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ होते; त्यांचे वडील त्या दरवाजांवर बसलेले. घरांत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यांत हस्तपत्रकें आहेत, वर्गणीच्या पावत्या आहेत, असें ते सांगत, आणि सवडीनें पाहूं असें मी म्हणें. ते वारले. घर बदलतांना मुलांनीं कागद वजनावर रद्दींत घातले. पेटी चांगली होती म्हणून ठेविली. मी गेलों तेव्हां तिच्यांत गहूं भरलेले होते. मुलांस बोल लावण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मी सेवानिवृत्त होतों. मला सवड नव्हती असें कसें म्हणूं?

बाबासाहेबांच्या त्या पत्रानें चळवळीचें तोंड शिक्षणाकडे वळविलें. तेव्हां तिच्या इतिहासाच्या शोधासही देवळाच्या दारावरून विद्यापीठाच्या दारावर जावें लागतें. आणि तेथेंही हाच प्रकार दिसतो. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. त्यास बाबासाहेबांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं २७ जुलै १९७८ रोजीं केला. लागलीच मराठवाड्यांत दंगली उसळल्या, दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. ठराव कायमचा जतन होणार, कारण तो विधिमंडळाच्या कामकाजांत आहे. परंतु त्या साडेपंधरा वर्षांत महाराष्ट्रभर निघालेलीं पत्रकें, वसतिगृहांतल्या मुलांनीं घरीं धाडलेलीं पत्रें, तुरुंगांत गेलेल्यांच्या रोजनिशा, या कोणत्या कपाटांत आहेत?

आमच्या नाशिकांत १९२४ सालीं हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघालें, आणि १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलें. ज्यांस दिवसां वर्गांत बसणें परवडत नाहीं अशांसाठींच हें दुसरें विद्यापीठ. विद्यापीठाचा इतिहास म्हटला म्हणजे कुलगुरूंची यादी आणि इमारतींचीं छायाचित्रें असा आपला समज असतो. मला विचाराल तर, शिवणयंत्रापाशीं बसून अभ्यास केलेल्या एखाद्या बाईनें आपल्या केंद्रास लिहिलेलें अडचणीचें पत्र हा त्या यादीहून मोलाचा कागद आहे. असे कागद मुदत संपली म्हणून नष्ट करण्यापूर्वीं त्यांतले निवडक तरी बाजूस काढावेत, एवढी सूचना मी करतों.

संस्थांचें संस्था पाहतील. घरांतल्या घरांत करण्यासारखें पुष्कळ आहे. कागदांचा गठ्ठा ज्या क्रमानें बांधलेला सांपडेल तो क्रम मोडूं नये. कोणता कागद कशाजवळ ठेविला होता यावरूनही कांहीं कळतें. टांचण्या व लोखंडी चिमटे गंजतात, ते काढून टाकावेत. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, ती कांहीं वर्षांत पिवळी पडून अक्षर खाते. आणि प्लास्टिकांत कायमचें बंद करणें तर सर्वांत वाईट, कारण तें पुन्हां सुटत नाहीं. खाजगी पत्रें दुसऱ्याच्या हातीं देण्यास मन घेत नसेल तर अमुक वर्षेंपर्यंत उघडूं नयेत अशा अटीवर तीं ग्रंथालयांत ठेवतां येतात. तेंही नको असेल तर त्यांची छायाप्रत द्यावी आणि मूळ आपल्यापाशीं ठेवावें.

छायाचित्रांचें तेवढें आजच करा. आपल्या भिंतीवर किंवा पेटींत एखाद्या जुन्या परिषदेचें, मोर्चाचें, वसतिगृहाचें चित्र असेल, तर घरांतल्या सर्वांत वडील माणसाजवळ तें घेऊन बसा आणि ओळखूं येतील तेवढीं नांवें मागच्या बाजूस लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, ओळीनें. शाई पुढें उमटते, म्हणून शिसपेन्सिलीनें लिहा, आणि हात हलका ठेवा.