ऑनलाइन हॉटेल आरक्षण : स्वस्त भाड्याचे गणित

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी महाबळेश्वर, गणपतीपुळे, गोवा ही नावे निघू लागतात. पूर्वी एखाद्या परिचिताकडून लॉजचा पत्ता मिळवावा, पत्र पाठवावे, मनीऑर्डरने आगाऊ रक्कम धाडावी आणि उत्तराची वाट पाहावी, असा शिरस्ता होता. आता हे काम मोबाइलच्या पडद्यावर पाच मिनिटांत उरकते. 'बुकिंग डॉट कॉम' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाले. आपल्याकडे 'मेकमायट्रिप'ची स्थापना २००० मध्ये झाली. आरंभी ही कंपनी अमेरिकेतून मायदेशी येणाऱ्या भारतीयांना विमानाची तिकिटे विकत असे. भारतातील ग्राहकांसाठी तिचा व्यवसाय २००५ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी 'यात्रा' आणि 'क्लिअरट्रिप' ही संकेतस्थळे आली. निवडीला वाव वाढला, तसा गोंधळही वाढला. एकाच हॉटेलातील एकाच रात्रीच्या एकाच खोलीचे तीन ठिकाणी तीन भाव दिसतात, आणि त्यांतला खरोखर स्वस्त कोणता, हे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

याचे कारण समजून घ्यायचे तर खोली हा नाशवंत माल आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. मंडईतली मेथी संध्याकाळी उतरत्या भावाने निघते, त्याच न्यायाने हॉटेलचालकही मागणी पाहून भाव रोज, कधी कधी तासातासाने बदलतो. लोणावळ्यात शनिवारी जी खोली मिळता मिळत नाही, ती मंगळवारी बऱ्याच कमी भाड्यात मिळते. मोठ्या शहरांतील व्यावसायिकांच्या हॉटेलांचे याच्या अगदी उलट असते. पुण्याच्या हिंजवडी परिसरातील किंवा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलाजवळील खोल्या सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरतात आणि शनिवार-रविवारी त्यांचे दर बहुधा खाली येतात. गोव्यात नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग, तर जून ते सप्टेंबर सर्वांत स्वस्त. ज्यांना पाऊस आवडतो, त्यांच्या दृष्टीने ही पर्वणीच म्हणायची. तारखा एक-दोन दिवसांनी मागेपुढे करून पाहिल्यास जेवढी बचत होते, तेवढी कोणत्याही कूपनाने क्वचितच होते.

दुसरी बाब दलालीची. ही संकेतस्थळे म्हणजे मार्केट यार्डातल्या अडत्यांचीच नवी आवृत्ती होय. खोली हॉटेलची, गिऱ्हाईक आपण आणि मधली अडत संकेतस्थळाची. ही अडत सामान्यतः भाड्याच्या १५ ते २५ टक्के असते. तीन हजारांच्या खोलीवर २० टक्के दलाली धरली, तर हॉटेलच्या हाती २,४०० रुपये पडतात. अशा वेळी हॉटेलला थेट दूरध्वनी करून २,७०० रुपयांत खोली मागितली, तर दोघांचेही तीनशे रुपये वाचतात. म्हणूनच संकेतस्थळाचा उपयोग शोधासाठी आणि तुलनेसाठी अवश्य करावा. पण पैसे भरण्यापूर्वी एकदा हॉटेलशी बोलून पाहावे. हॉटेलने स्वतःच्या संकेतस्थळावर अधिक स्वस्त दर देऊ नये, अशी अट काही करारांत घातली जात असे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून ३९२ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, त्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला अशा अटी करारांतून काढण्यासही सांगितले होते. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले.

कोकणातील घरगुती निवासांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असणाऱ्या लहान व्यावसायिकाला वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः बंधनकारक नसते. परंतु त्याचीच खोली संकेतस्थळामार्फत विकली गेली, की तिच्यावरील कर भरण्याची जबाबदारी कायद्याने संकेतस्थळावर येते आणि तो कर अर्थातच आपल्या बिलात उतरतो. अशा ठिकाणी थेट बोलणी केल्यास दलाली आणि कर हे दोन्ही, तेही पूर्णपणे कायदेशीर मार्गाने, टळतात.

कराचा विषय निघालाच आहे, तर त्याचा हिशेब पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के कर लागू झाला. साडेसात हजारांच्या खोलीचे करासह ७,८७५ रुपये होतात, तर ७,६०० रुपयांच्या खोलीचे ८,९६८! शंभर रुपयांच्या फरकापोटी जवळजवळ अकराशे रुपये जादा जातात. या सीमेच्या आसपास खोली पाहत असाल, तर हॉटेलकडे थोडी सवलत मागणे फायद्याचे ठरते. अनेक संकेतस्थळांवर पहिल्या पानावरील भाव कराविना असतो. कर, 'कन्व्हीनियन्स फी', न मागता जोडलेला विमा किंवा देणगी यांचा पत्ता शेवटच्या पानावर लागतो. यास्तव तुलना करायची ती शेवटच्या पानावरील एकूण रकमेची.

पडद्यावर खोल्या ज्या क्रमाने दिसतात, तो क्रम स्वस्ताईचा असतो, असा अनेकांचा समज आहे. 'ट्रिवागो' हे निरनिराळ्या संकेतस्थळांचे भाव एकत्र दाखवणारे प्रसिद्ध संकेतस्थळ. त्याच्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने दावा लावला, तेव्हा उघड झालेली माहिती उद्बोधक आहे. तपासलेल्या नोंदींपैकी ६६.८ टक्के नोंदींत सर्वांत वर ठेवलेला भाव सर्वांत स्वस्त नव्हता. वरची जागा ठरवताना संकेतस्थळाला कोण किती पैसे देतो, यालाही मोठे वजन होते. तेथील न्यायालयाने २०२० मध्ये कंपनीला दोषी धरले आणि २०२२ मध्ये तिला ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. यावरून घ्यायचे ते इतकेच, की यादी उघडताच 'कमी भाडे प्रथम' हा क्रम स्वतः निवडावा. तसेच 'फक्त दोनच खोल्या शिल्लक, तीस जण पाहत आहेत' या छापाच्या सूचनांनी बिचकून जाऊ नये. कित्येकदा त्या दोन खोल्या त्या संकेतस्थळाच्या वाट्याच्या असतात, हॉटेलच्या नव्हेत. खोटी घाई निर्माण करणे, न सांगता वस्तू जोडणे, शेवटी भाव वाढवणे अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्यांची तक्रार करता येते.

भाव एकसारखा दिसला, तरी त्यात काय मिळते ते वेगळे असू शकते. 'ईपी' म्हणजे केवळ खोली, 'सीपी' म्हणजे सोबत न्याहारी, 'एमएपी' म्हणजे न्याहारी आणि एक वेळचे जेवण, तर 'एपी'मध्ये तिन्ही वेळचे खाणे येते. चौघांच्या कुटुंबाने दोनशे रुपयांनी स्वस्त 'ईपी' खोली घेतली आणि सकाळी बाहेर न्याहारीला पाचशे मोजले, तर स्वस्ताई कुठे राहिली? मुलांची वये खरी भरावीत, अन्यथा जादा गादीचे पैसे काउंटरवर द्यावे लागतात. रात्रीच्या बसने पहाटे सहाला पोहोचणाऱ्यांनी खोली ताब्यात मिळण्याची वेळ आवर्जून पाहावी. ती दुपारी दोनची असेल, तर सामान आणि म्हातारी माणसे घेऊन आठ तास बसून राहण्याची वेळ येते.

अंतराचेही तसेच. महाबळेश्वरच्या नावाखाली दाखवलेले हॉटेल प्रत्यक्षात पाचगणीच्या बाजूला निघू शकते. या दोन गावांत सुमारे १९ किलोमीटरचा घाटरस्ता आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तेथून हॉटेल किती दूर आहे, हे नकाशावर न पाहता खोली घेतली, तर वाचलेले पैसे घोड्यावर आणि हमालीवर खर्च होतात. काही हॉटेले त्याच शहरातील रहिवाशांचे ओळखपत्र स्वीकारत नाहीत. परदेशी पारपत्रधारकांची माहिती सरकारला कळवणे हॉटेलला बंधनकारक असल्याने, अनेक लहान हॉटेले अशा पाहुण्यांना घेतच नाहीत. अमेरिकेहून आलेल्या भाचीसाठी खोली घेणाऱ्यांनी अटींतील ही ओळ आधी शोधावी.

आता सर्वांत उपयुक्त युक्ती. 'मोफत रद्द करता येईल' अशी खोली दोन-तीन महिने आधी, शक्यतो हॉटेलात पैसे देण्याच्या अटीवर घेऊन ठेवावी. प्रवासाच्या आठवडाभर आधी भाव पुन्हा पाहावा. तो उतरला असेल, तर आधी नवे आरक्षण करावे आणि मगच जुने रद्द करावे. रद्द करण्याची अंतिम तारीख आणि वेळ मात्र वहीत टिपून ठेवावी. 'परतावा नाही' या अटीवरील खोली थोडी स्वस्त असते खरी. पण घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

थेट दूरध्वनीचा सल्ला वर दिला आहे, त्याला एक जोखीमही जोडलेली आहे. शोधयंत्रावर सापडणारा प्रत्येक क्रमांक हॉटेलचाच असतो असे नाही. तीर्थक्षेत्री तर खोट्या संकेतस्थळांचा सुळसुळाट आहे. सोमनाथच्या अतिथिगृहांसह अनेक ठिकाणच्या आरक्षणाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. देवस्थानाच्या खोल्या देवस्थानाच्याच, तर पर्यटन महामंडळाची निवासे महामंडळाच्याच संकेतस्थळावरून घ्यावीत. पलीकडचा माणूस हॉटेलऐवजी कुणा व्यक्तीच्या नावावर पूर्ण रक्कम यूपीआयने मागू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

आरक्षण झाल्यावरही एक काम उरते. प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी कोकणातील एका गावी रात्री साडेदहाला सहकुटुंब पोहोचला, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मोबाइलमधील पावती पाहून शांतपणे सांगितले, "या भावात आम्हाला परवडत नाही, साहेब. वरचे आठशे द्या, नाहीतर बुकिंग रद्द समजा." संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर पाऊण तास केवळ संगीत ऐकू आले. अखेर शेजारच्या खानावळीच्या मालकिणीने माडीवरची खोली उघडून दिली, म्हणून मुले झोपली. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला दूरध्वनी करून आरक्षण क्रमांक, खोलीचा प्रकार, न्याहारी आणि देय रक्कम या चार गोष्टी वदवून घेण्याचा आणि त्याच व्हॉट्सअॅपवर लिहून मागवण्याचा परिपाठ ठेवला आहे. नकार मिळायचाच असेल, तर तो घरी असताना मिळतो आणि दुसरी खोली शोधायला हाताशी एक दिवस राहतो.