सन्मानाची कथा आणि कागदांची साक्ष

१/ अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचा बेसबॉल संघ १९१५ ते २०२१ या काळात ‘इंडियन्स’ नावाने खेळला. पेनॉबस्कॉट जमातीचे खेळाडू लुई सॉकलेक्सिस यांच्या सन्मानार्थ एका चाहत्याने स्पर्धेत हे नाव सुचवले, असे संघ अनेक वर्षे सांगत असे.

२/ सॉकलेक्सिस १८९७ मध्ये शहराच्या ‘स्पायडर्स’ या जुन्या संघाकडून खेळू लागले. पत्रकार तेव्हाच त्या संघाला ‘इंडियन्स’ म्हणू लागले. प्रेक्षक मात्र युद्धआरोळ्यांची नक्कल करून त्यांना हिणवत.

३/ १९०१ नंतरचा नवा संघ नॅप लाझवे यांच्यावरून ‘नॅप्स’ म्हणून ओळखला जाई. ते गेल्यावर, जानेवारी १९१५ मध्ये मालक चार्ल्स सोमर्स यांनी नव्या नावासाठी स्थानिक क्रीडापत्रकारांना पाचारण केले. एका संपादकीयात सॉकलेक्सिस यांचे स्मरण आढळते. स्पर्धेला व तिच्या विजेत्याला मात्र तत्कालीन वृत्तांत आधार नाही.

४/ १९४७ मध्ये डोक्यात पीस खोवलेले ‘चीफ वाहू’ हे हसरे व्यंगचित्र संघाचे चिन्ह झाले. मूळनिवासींनी आक्षेप घेतला की हीच सन्मानकथा उत्तरादाखल पुढे येई. २०१८ च्या हंगामानंतर ते चित्र गणवेशावरून हटले. पुढे संघही ‘गार्डियन्स’ झाला.

५/ तटस्थ लेखनाची कसोटी येथेच लागते. ‘संघाच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गाळले, तर दंतकथा तथ्य ठरते. संपादकीयाची नोंद गाळली, तर तथ्यही दंतकथेत जमा होते.