तोतया ई-मेल

तोतया ई-मेल : बँक, शासकीय कार्यालय, टपालखाते किंवा ऑनलाइन विक्री करणारी पेढी यांचे नाव व बोधचिन्ह धारण करून पाठविलेला आणि ग्राहकाकडून परवलीचा शब्द, कार्डाचा क्रमांक अथवा रक्कम काढून घेणारा खोटा संदेश. या प्रकारच्या फसवणुकीस ‘फिशिंग’ अशी संज्ञा असून ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाली. मासेमारी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे वर्ण बदलून ती बनविलेली आहे. साधन नवे असले, तरी त्यातून उद्‌भवणारे प्रश्न जुनेच आहेत : पत्र खरोखर त्याच व्यक्तीचे आहे हे कशावरून ओळखावे आणि ते खोटे निघाल्यास हानी कोणी सोसावी.

पूर्वपीठिका : मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात पहिल्या प्रश्नाचा विचार बारकाईने केलेला आढळतो. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उमटविण्याची पद्धत होती. मोर्तबामुळे अखेरीस मागाहून ओळी घुसडणे कठीण होई. तरीही वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येत आणि हस्ताक्षर, शिक्का व साक्षी तपासून त्यांचा निवाडा करावा लागे. केवळ नावाचा प्रभाव किती असतो, हे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या तोतयाच्या प्रकरणात दिसून आले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच त्याने कोकणातील अनेक किल्ले ताब्यात घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सावकारी रिवाजाने दिले. हुंडी काढणारा सावकार परगावच्या पेढीस स्वतंत्र पत्राने तिची सूचना देई. दोन्ही कागद जुळले, म्हणजे रक्कम चुकती होई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पेठ व तीही हरवल्यास परपेठ लिहून देत. शहाजोग हुंडीची रक्कम ‘शहा’ म्हणजे पतदार व्यापाऱ्यासच मिळे. पुढे ती हुंडी खोटी वा चोरीची ठरल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर असे. अर्थात ज्याच्या हाती रक्कम पडली, तो ओळखीचा व जबाबदार असलाच पाहिजे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होते.

टपालाद्वारे होणाऱ्या खरेदीत ही ओळख सुटली. भारतात मूल्यदेय टपाल (व्ही. पी.) १८७७ मध्ये आणि मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून वस्तू मागविता येऊ लागली, मात्र व्ही. पी. सोडविताना पैसे आधी भरावे लागत व वेष्टन नंतर उघडता येई. या अंतराचा लाभ घेऊन घड्याळाऐवजी दगडमाती धाडणारे विक्रेते निघाले. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा यासारख्या, मोठ्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या गावच्या ग्राहकास दुकान पाहून येण्याची सोय नसते. ऑनलाइन खरेदीने तर हे अंतर शहरातील ग्राहकासही तितकेच लागू केले.

स्वरूप : ई-मेल पोहोचविण्याचे जे संकेत १९८२ मध्ये निश्चित झाले, त्यांत पाठविणाऱ्याची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती; पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार होता. पत्ता खरा आहे की नाही हे यंत्राने तपासण्याच्या पद्धती पुढे आल्या. परंतु मूळ नावासारखेच दिसणारे दुसरे नाव रीतसर नोंदवून पाठविलेला संदेश त्यांतूनही सुटतो.

खरेदीविषयक तोतया संदेशांचे काही ठरावीक साचे आहेत. न केलेल्या खरेदीची पावती पाठवून ती रद्द करण्यास सांगणे; पार्सल अडकले असून पत्ता पूर्ण करण्यासाठी किरकोळ शुल्क मागणे; परताव्याचे आमिष दाखविणे; खाते काही तासांत बंद होईल असा धाक घालणे. या सर्वांत वाचकास विचार करण्यास वेळ न देणे हे सूत्र समान असते.

ओळखण्याच्या खुणा : दिसणाऱ्या नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा असून तो उजवीकडून वाचावा. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ या शेपटाच्या लगत डावीकडे असलेले नाव हेच स्थळाच्या मालकाचे होय. त्याच्याही डावीकडे प्रसिद्ध दुकानाचे नाव आले, तरी त्यास महत्त्व नाही. संकेतस्थळावरील कुलपाचे चिन्ह मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढेच दर्शविते. पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याची ती ग्वाही नव्हे. अशुद्ध भाषा ही पूर्वी भरवशाची खूण होती. यंत्राकडून निर्दोष मजकूर लिहून घेता येऊ लागल्यापासून तिचे मोल उरलेले नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी नव्हे. सर्वांत खात्रीचा उपाय हुंडीच्या सूचनापत्राचाच आहे : संदेशातील दुव्यावर न जाता दुकानाचे संकेतस्थळ वा ॲप स्वतः उघडून मागणीची नोंद तेथे आहे काय, हे पाहावे.

कायदा व दायित्व : दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘नॅसकॉम’च्या नावे पाठविलेल्या तोतया ई-मेलच्या प्रकरणात, स्वतंत्र कायदा नसतानाही, हे कृत्य बेकायदेशीर ठरविले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात झालेल्या व २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ६६-ड समाविष्ट झाले. त्यानुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हानी कोणी सोसावी, याबाबत पुण्यातील एक प्रकरण उद्‌बोधक आहे. तोतया ई-मेलला उत्तर दिल्यानंतर तेथील एका उद्योजकाच्या बँकखात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर वळविण्यात आले. अधिनियमान्वये न्यायनिर्णय करणारे महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव यांनी २०१३ मध्ये बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ग्राहकाने उत्तर दिल्यामुळे हानीचा काही भाग त्याच्यावर राहिला; तथापि ज्या खात्यांत रक्कम गेली, ती उघडताना पुरेशी तपासणी न होणे हा बँकेचा दोष मानला गेला. शहाजोग हुंडीचे तत्त्वच येथे नव्या रूपाने मान्य झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने, बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसल्यास व तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य ठरविले. परवलीचा शब्द स्वतःच देऊन बसलेल्या ग्राहकास मात्र कळवीपर्यंतची हानी सोसावी लागेल, असे त्यात म्हटले आहे.

उपाय : ऑनलाइन कार्डव्यवहारास ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची झाली. त्यावर तोतयांनी एकवार वापरावयाचा परवलीचा अंक (ओटीपी) गोड बोलून मागण्याचा मार्ग काढला. भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये लागू केले. बँकेखेरीज इतरांस ते मिळत नसल्याने त्याचे कार्य जुन्या शिक्क्यासारखेच आहे. दुकानांना असा राखीव शिक्का नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळविणे आवश्यक असते. रक्कम भाडोत्री खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविता आली, तरच परत मिळण्याची शक्यता राहते. म्हणून लाजेपोटी लपविलेला एक दिवस बहुधा मूळ चुकीपेक्षा महाग पडतो.