शेकडा एक

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली एमआयडीसीत शिरले, की तापल्या रेतीचा वास येतो. तेथल्या एका फौंड्रीत मी संगणकावर पॅटर्न आखतो. बीड निवताना शेकडा सुमारे एक आकसते. म्हणून ३०० मिलिमीटरच्या नगाला पॅटर्न ३०३ चा. हा हिशेब हल्ली सॉफ्टवेअर करते. जुने मेस्त्री त्यासाठी मुळातच वाढवून आखलेली पट्टी वापरीत.

यंत्र दिसले की स्वतः करून पाहावे, ही कोल्हापूरची खोड जुनीच. आनंदराव व बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. पण कॅमेरा घडवायला बसले! १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन तो १९१८ च्या सुमारास पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कुंचला धरणाऱ्या हातांनी कानस धरावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

माझे हात मात्र कोरडेच होते. एकदा पडद्यावर सारे बिनचूक दिसत असता नग छिद्रांनी भरलेला निघाला. मेस्त्रींनी मूठभर रेती दाबून पाहिली. “पाणी जास्त झालंय बघा,” एवढेच बोलले. तेव्हापासून संगणक उघडण्यापूर्वी मी आधी रेतीपाशी जातो.