शेवटच्या रात्रीचा हिशेब

२२ जानेवारी १८९१ रोजी जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली आणि जवळपास दोन महिन्यांनी परत आली. आजच्या क्रूझच्या धंद्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार या सफरीपासून मोजतात. त्याआधीही हौशी लोक लांबच्या समुद्रसफरीवर जात होतेच. १८६७मध्ये मार्क ट्वेन ज्या ‘क्वेकर सिटी’वरून गेला, त्या सफरीचे तिकीट १२५० डॉलर होते आणि ती पाच महिने चालली. पण हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन यांचा विचार निराळा होता. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटत, आणि बंदरात बांधून ठेवलेली बोट कोळसा जाळत नसली तरी पैसा खात असे. त्या रिकाम्या महिन्यांत तिला कमाईला लावायचे, म्हणून ही सफर. क्रूझचा जन्म बोट रिकामी राहण्याच्या धास्तीतून झाला, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या सव्वाशे वर्षांत सफरीच्या शेवटच्या दिवसांचे काय झाले याचा उलगडा होतो. प्रवासी ज्याला निरोपाचे दिवस म्हणतो, ते बोटीच्या दृष्टीने जमाखर्चाचे दिवस असतात. निरोपाचे म्हणून जे रिवाज आपण ओळखतो, ते बहुतेक या जमाखर्चातूनच आले आहेत.

कप्तानाच्या निरोपाच्या जेवणाचे छापील मेनूकार्ड प्रवासी आठवण म्हणून जपून ठेवत, त्यावर टेबलावरच्या सोबत्यांच्या सह्या घेत. असली कार्डे आज संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या लिलावांत दिसतात. त्याच सुमारास बोटीवर एक जलसा होई. प्रवाशांपैकीच कोणी गाई, कोणी पियानो वाजवी, आणि मग वर्गणीची थाळी फिरे. ती वर्गणी खलाशांच्या अनाथ मुलांसाठी आणि विधवांसाठी असे. हा रिवाज प्रेमळ होता यात शंका नाही. पण तो काय सांगतो तेही पाहायला हवे. ज्या माणसाचा जीव कंपनीच्या बोटीवर गेला, त्याच्या मुलांच्या पोटाची तजवीज बरीचशी प्रवाशांच्या भल्या मनावर सोडलेली होती. बक्षिशीचेही तसेच. एमिली पोस्ट यांच्या १९२२च्या शिष्टाचारावरील प्रसिद्ध पुस्तकात बोटीवर कोणाला किती द्यायचे हे रीतसर सांगितले आहे : खोलीचा स्टुअर्ड, जेवणघराचा स्टुअर्ड, डेकवर खुर्ची मांडून देणारा, न्हाणीघराची व्यवस्था पाहणारा. खुशीने द्यायच्या पैशाचे दरपत्रक छापावे लागते, तेव्हा तो खुशीचा पैसा उरलेला नसतो. शेवटच्या संध्याकाळी हातात पडणारे पाकीट हा पगाराचाच उरलेला भाग होता. फरक एवढाच, की तो कंपनीच्या वहीत कुठे दिसत नसे.

इथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो, आणि तो वरवरचा नाही. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी, त्यांचे टिंडेल आणि सारंग रत्नागिरीच्या पट्ट्यातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येत. इंजिनखान्यात पंजाबकडची माणसे असत. जेवणघर, स्वयंपाक आणि खोल्या यांचे काम प्रामुख्याने गोव्याच्या तारवोट्यांकडे, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडे, असे. साष्टी-बार्देसच्या गावागावांनी मुंबईत, विशेषतः धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत, आपापले ‘कूड’ उभे केले. एका गावच्या माणसांनी दोन बोटींच्या मध्ये टेकायची, पेटी ठेवायची, आल्तारासमोर प्रार्थना करायची ती जागा. ही सारी माणसे हिंदी खलाशांसाठीच्या ‘लास्कर’ करारावर चढत. त्यांचा पगार ब्रिटिश खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास असे. १८९४च्या ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश खलाशाला झोपण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवली होती, लास्कराला मात्र ३६च मिळे. १९०६मध्ये ब्रिटिश खलाशाची जागा १२० घनफूट झाली, लास्कराची तिथेच राहिली. करार हिंदुस्थानच्या बंदरात सुरू होऊन हिंदुस्थानच्याच बंदरात संपायचा, म्हणजे या माणसाने इंग्लंडात उतरून तिथला पगार मागता कामा नये. साउथहॅम्प्टनहून निघालेल्या सुटीच्या सफरीतला प्रवासी शेवटच्या सकाळी सामान घेऊन घरी जाई, तेव्हा त्याला सफरभर चहा देणाऱ्याचा प्रवास संपलेला नसे.

तरी त्या काळात एक गोष्ट या माणसांच्या बाजूची होती. बोट बंदरात थांबत असे. कोळसा भरणे, रंग, डागडुजी, टपालाचे वेळापत्रक यांत कित्येक दिवस जात आणि मुंबईला करार संपला की तारवोटी कुडात यायचा, तिथून गावी जायचा. ती सवड पुढे आटत गेली. १९२२मध्ये अमेरिकेतल्या दारूबंदीतून सुटण्यासाठी ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ या दोन प्रवासी बोटींनी अमेरिकेचा झेंडा उतरवून पनामाचा चढवला. कारण दारूचे होते, पण वाट सापडली ती सगळ्यांसाठीच : मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, माणसे तिसऱ्या-चौथ्या देशातली, आणि कामगार कायदा झेंड्याच्या देशाचा. १९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि नेआण करणाऱ्या बोटींचा धंदा बसला. पी अँड ओची हिंदुस्थानची प्रवासी वाहतूकही १९७०पर्यंत आटोपली. उरलेल्या बोटी सुट्ट्यांकडे वळल्या. १९६६पासून मायामी बंदर या नव्या धंद्याचे केंद्र झाले. १९७२मध्ये कार्निव्हल कंपनी एका जुन्या बोटीवर तिथेच उभी राहिली. बालीन यांची धास्ती आता पूर्ण मिटली, कारण बोट रिकामी राहायचा प्रश्नच उरला नाही. जुने प्रवासी सकाळी उतरतात, नवे दुपारी चढतात आणि संध्याकाळी बोट सुटते.

या नव्या पद्धतीतला सफरीचा शेवट कसा असतो पाहा. आदल्या रात्री प्रवाशांनी रंगीत चिठ्ठ्या बांधलेल्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. त्या रातोरात खाली न्यायच्या. पहाटे न्याहारी. शेवटचा प्रवासी खोली सोडतो न सोडतो तोच चादरी, अभ्रे, टॉवेल ओढून काढायचे, न्हाणीघर घासायचे, गादीवर नवी चादर चढवायची, आणि हे एका माणसाने ओळीने पंधरा-वीस खोल्यांत करायचे, दुपारच्या आत. लगेच नव्या प्रवाशांसमोर हसऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे. करार सहा ते नऊ महिन्यांचा असेल, तर सात दिवसांच्या सफरींच्या बोटीवर असे पंचवीस ते चाळीस शेवट येतात. प्रवाशाला जो दिवस हुरहुरीचा वाटतो, तो बोटीवरच्या माणसांचा सगळ्यात कष्टाचा दिवस असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आता पाकिटे गेली. बहुतेक मोठ्या कंपन्या दररोजची ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावतात, तेव्हा अडचण ती काय? अडचण ही, की पगार अजूनही प्रवाशाच्या मर्जीतूनच यायचा आहे. अनेक कंपन्यांत ती रक्कम काउंटरवर जाऊन कमी करून घेता येते, आणि ते करायला प्रवासी जातो तो शेवटच्या दिवशीच. २०१२मध्ये इंग्लंडच्या ‘गार्डियन’ने एका मोठ्या ब्रिटिश क्रूझ कंपनीतल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा मूळ पगार तासाला ७५ पेन्स पडतो, असे छापले तेव्हा मोठी ओरड झाली, आणि ते कर्मचारी बहुतांशी भारतीय होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बोटीच्या पैशावर गोव्यात आणि कोकणात घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले इंजिनिअर झाली. स्वखुशीने जाणाऱ्यांची आपण का कीव करावी? कीव कोणी करूही नये. बोटीवरच्या नोकरीने हजारो कुटुंबांना गरिबीतून काढले, आणि ते श्रेय त्या माणसांच्या कष्टाचे आहे. परंतु ‘त्यांच्या गावच्या मानाने हा पगार चांगलाच आहे’ हे म्हणणे लास्कर कराराचेही समर्थन होते. तेव्हा ते अन्यायाचे होते असे आपण मानतो, तर आज ते न्याय्य कशाने ठरते, हे समर्थकांनी सांगायला हवे. तिसरा आक्षेप कायद्याचा. सागरी कामगार करार २००६ हा २० ऑगस्ट २०१३पासून लागू झाला, भारतानेही २०१५मध्ये तो स्वीकारला. पगार महिन्याला द्या, घरी परत पाठवायचा खर्च मालकाचा, ही त्यातली कलमे मोलाची आहेत. मात्र तोच करार आठवड्याला ७२ तासांपर्यंतच्या कामाला मुभा देतो.

शेवट कोणाचा आणि कधी, हा प्रश्न २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत उघडा पडला. फेब्रुवारीत योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली. तिच्यावरच्या ३७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी खोल्यांत बंद होते आणि त्यांच्या दारी जेवण पोचवणारे कर्मचारी मात्र एकत्र राहत-जेवत होते. त्यांत १३२ भारतीय होते. एप्रिलमध्ये जगप्रदक्षिणेला निघालेल्या शेवटच्या बोटी किनाऱ्याला लागल्या. ‘कोस्टा डेलिझिओसा’ २२ तारखेला जेनोव्हाला पोचली आणि जगाने लांबच्या क्रूझचा तो शेवट म्हणून बातमी दिली. त्याच दिवसांत ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मायदेशाच्या किनाऱ्याजवळ असूनही उतरू शकत नव्हते. केंद्राने २१ एप्रिलला नियम काढले, तेव्हा २३ तारखेला त्यांना मुंबईत उतरता आले. इतर बोटींवरची हजारो माणसे त्यानंतरही महिनोन्‌महिने समुद्रावर होती.

प्रवाशांनी आपल्या शेवटच्या दिवसांच्या रोजनिश्या लिहिल्या, कंपन्यांनी जाहिराती जपल्या, म्हणून या इतिहासाची एकच बाजू ठळक दिसते. दुसऱ्या बाजूची कागदपत्रे आपल्याकडे आहेत : कुडांच्या वह्यांत, मडगाव-म्हापशाच्या आणि दापोली-रत्नागिरीच्या घरांतल्या पेट्यांत, डिस्चार्जच्या पुस्तकांत, बंदरोबंदरीहून आलेल्या पत्रांत. बोटींवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोकरी केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी त्यांचे बोलणे नोंदवून घ्यावे, आणि ते कागद रद्दीत घालण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला दाखवावेत.