मिडी क्लॉक : सिंथेसायझर आणि संगणक एका लयीत कसे येतात?

सिंथेसायझर आणि संगणकावरचे संगीत-सॉफ्टवेअर या दोन्हींचा टेम्पो 120 ठेवला, तरी दोन्ही आपापल्या घड्याळावर चालतात. एकाचा टेम्पो प्रत्यक्षात 120.1 असेल, तर चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी दोघांत 0.2 सेकंदाचे अंतर पडते. ऐकणाऱ्याला ते सहज खटकते. म्हणून एका यंत्राने ठोका द्यायचा आणि बाकीच्यांनी तो पाळायचा, अशी व्यवस्था लागते. मिडी क्लॉक हे काम करते.

मिडीची सुरुवात

1983 च्या जानेवारीत अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडी केबलने जोडून दाखवले गेले. या मानकासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना 2013 साली टेक्निकल ग्रॅमी मिळाले.

क्लॉक काय पाठवते?

मिडी क्लॉक टेम्पोचा आकडा पाठवत नाही. ते प्रत्येक ठोक्याला 24 टिकटिक पाठवते. टेम्पो 120 असेल, तर दोन टिकटिकींत सुमारे 20.8 मिलिसेकंदांचे अंतर असते आणि त्यावरून सिंथेसायझर लय ओळखतो. 'सुरू', 'थांब' आणि 'पुढे चालू' हे संदेश वेगळे असतात. गाण्यात नेमके कुठून सुरुवात करायची, हे आणखी एक संदेश सांगतो.

जोडणी

सॉफ्टवेअरला मुख्य ठेवायचे असेल, तर ऑडिओ इंटरफेसचा मिडी आउट सिंथेसायझरच्या मिडी इनला जोडतात किंवा यूएसबी केबल वापरतात. सॉफ्टवेअरमध्ये त्या पोर्टवर क्लॉक पाठवणे चालू करावे लागते. सिंथेसायझरमध्ये क्लॉकचा स्रोत 'एक्स्टर्नल' निवडावा लागतो. ही दुसरी पायरी राहिली, तर सूर वाजतात, पण आर्पेजिएटर स्वतःच्याच लयीत फिरत राहतो.

उशीर आणि थरथर

जोडणी बरोबर असूनही लय जमत नसेल, तर दोन वेगळे दोष संभवतात. त्यांतला फरक ओळखला नाही, तर तासन्‌तास सेटिंग बदलूनही काही साधत नाही.

पहिला दोष उशीर, म्हणजे लेटन्सी. आवाज संगणकात परत येताना बफरमधून जातो. 44,100 हर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर असेल, तर तेवढ्यानेच सुमारे 5.8 मिलिसेकंद जातात. हा उशीर ठरावीक असतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक तेवढे आधी पाठवून तो भरून काढता येतो.

दुसरा दोष थरथर, म्हणजे जिटर. संगणक एकाच वेळी अनेक कामे करतो, त्यामुळे टिकटिक कधी लवकर, कधी उशिरा निघते. 120 च्या टेम्पोत एक टिकटिक 3 मिलिसेकंद आधी पोचली, तर तेवढ्या अंतरापुरता टेम्पो 140 च्या आसपास भासतो. अनेक यंत्रे सरासरी काढून हा धक्का सौम्य करतात. ही चूक दर वेळी वेगळी असल्याने एकच आकडा भरून ती दुरुस्त होत नाही.

दोष ओळखण्याची चाचणी सोपी आहे. सिंथेसायझरवर प्रत्येक ठोक्याला एक तोकडा आवाज वाजवून तो सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करावा. ठोक्याच्या रेषेपासूनचे अंतर सगळीकडे सारखे असेल तर तो उशीर. अंतर कमीजास्त होत असेल तर ती थरथर.

थरथरीवर खात्रीचा उपाय म्हणजे ऑडिओ संकेतावरून क्लॉक तयार करणारे स्वतंत्र उपकरण. ऑडिओचे सॅम्पल इंटरफेसच्या घड्याळानुसार समान अंतराने बाहेर पडतात, त्यामुळे संगणकावर कामाचा ताण असला तरी त्यांतून मिळणारा ठोका स्थिर राहतो.

जुनी यंत्रे

मिडीपूर्वीच्या यंत्रांत स्पंदांची संख्या वेगवेगळी होती. 1980 सालच्या रोलँड टीआर-808 ला ठोक्यामागे 24 स्पंद लागतात, तर कोर्गची जुनी यंत्रे 48 स्पंदांवर चालत. कोर्गच्या अलीकडच्या व्होल्का मालिकेला दोनच पुरतात. एखादे यंत्र नेमके दुप्पट किंवा निम्म्या वेगाने चालत असेल, तर आधी ही संख्या तपासावी. अशा वेळी केबल बहुधा ठीकच असते.