जसे दिसले तसे उतरवले : डिस्क इमेजिंगचा इतिहास आणि एम्सचे दोन आठवडे

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, म्हणजे एम्सची, ‘ई-हॉस्पिटल’ ही संगणक प्रणाली बंद पडली. रुग्णांची नोंदणी, भेटीच्या वेळा, प्रयोगशाळांचे अहवाल, दाखल होणाऱ्या व घरी जाणाऱ्या रुग्णांच्या नोंदी हे सारे तिच्यावर अवलंबून होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्यांच्या रांगा तशाच होत्या. कर्मचाऱ्यांनी कागद आणि पेन हाती घेतले. हा रॅन्समवेअरचा हल्ला होता. सरकारने पुढे संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली. सुदैवाने एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून बचावला होता. त्यावरून ई-हॉस्पिटलची सर्व माहिती परत मिळाली आणि नव्या सर्व्हरवर उतरवण्यात आली. तरीही बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले.

प्रत शाबूत असताना इतका वेळ का लागावा? माहिती परत मिळणे आणि यंत्रणा पुन्हा उभी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हर नव्याने सज्ज करावे लागतात, जाळ्यातील प्रत्येक संगणक तपासून निर्धोक करावा लागतो आणि मगच माहिती जागेवर ठेवता येते. हाडाचे संगणकतज्ज्ञ गेली अनेक दशके हेच अंतर कमी करण्याच्या खटपटीत आहेत. डिस्क इमेजिंग हे त्या खटपटीचे एक ठळक फळ होय.

हार्ड डिस्कवरील माहिती ‘सेक्टर’ नावाच्या छोट्या कप्प्यांत साठवलेली असते. जुन्या डिस्कवर असा प्रत्येक कप्पा ५१२ बाइटचा असे. वापरकर्त्याला दिसतात त्या फाइली. परंतु संगणक सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग, डिस्कची विभागणी सांगणारा तक्ता, कार्यप्रणाली, तिच्या मांडण्या आणि परवानग्या हेही त्याच कप्प्यांत असते. नेहमीच्या बॅकअपमध्ये निवडक फाइलींची नक्कल होते. डिस्क इमेजमध्ये हा सारा संसार एका मोठ्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो. एक बॅकअप ग्रंथालयातील पुस्तके वाचवतो. दुसरा पुस्तकांसह कपाटे, क्रमांक आणि सूचीही वाचवतो.

आयबीएमने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ हा हार्ड डिस्क असलेला पहिला व्यापारी संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. पुढची अनेक वर्षे डिस्कवरील माहिती चुंबकीय फितींवर उतरवून ठेवणे हाच मोठ्या संगणक केंद्रांचा शिरस्ता राहिला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीत ‘डीडी’ नावाची एक छोटी आज्ञा आली. एका टोकाने वाचायचे, दुसऱ्या टोकाला लिहायचे, वाचलेल्याचा अर्थ लावायचा नाही, एवढेच तिचे काम. मात्र मूळ आणि नक्कल यांच्या नावांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्वस्व पुसले जाते. ही आज्ञा आजही वापरात आहे आणि हा धोकाही.

आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक अनेकदा एक विनवणी नोंदवून ठेवत : समोरच्या पोथीत जसे दिसले तसेच येथे उतरवले आहे, अशुद्ध आढळल्यास दोष लेखनिकास देऊ नये. डिस्क इमेजचा गुण आणि मर्यादा या विनवणीत नेमकी सापडते. डिस्कवर विषाणू दबा धरून बसला असेल तर तोही इमेजमध्ये येतो, आणि इमेज परत उतरवताना त्याचेही पुनरागमन होते. म्हणूनच एकच ताजी प्रत पुरत नाही; वेगवेगळ्या तारखांच्या प्रती राखाव्या लागतात.

हे तंत्र सामान्य संगणकापर्यंत पोहोचवले ते न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी. त्यांच्या बायनरी रिसर्च या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘घोस्ट’ ही प्रणाली तयार केली. एक संगणक नीट सज्ज करायचा, त्याची इमेज घ्यायची आणि तीच इतरांवर उतरवायची. पुढील आवृत्त्यांत डिस्कची रचना ओळखून केवळ वापरातील भाग उचलण्याची आणि एकाच वेळी जाळ्यातील अनेक संगणकांवर इमेज पाठवण्याची सोय आली. १९९८ मध्ये सिमॅन्टेकने ही प्रणाली विकत घेतली. भारतातील संगणक प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत ‘घोस्ट मारणे’ हा वाक्प्रयोग रुळला, इतके ते नाव घरोघरी पोहोचले. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेल्या ‘क्लोनझिला’ने हीच सोय मुक्त स्वरूपात दिली. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाची तर स्थापनाच इमेजवरून होऊ लागली.

दरम्यान शत्रूही बदलला. पूर्वी भीती डिस्क बिघडण्याची होती. रॅन्समवेअर मात्र जाळ्यात पसरून आधी बॅकअपच शोधते. एम्सच्या बाबतीत जाळ्याचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे सरकारने हल्ल्यामागचे कारण म्हणून नोंदवले. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम येथे मोलाचा ठरतो : माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी १ दुसऱ्या ठिकाणी. सतत जोडलेली प्रत मूळ संगणकाबरोबरच बुडू शकते.

प्रत हुबेहूब आहे, हे ओळखण्याचे साधनही गणिताने दिले आहे. ‘हॅश’ म्हणजे सर्व माहितीवरून काढलेली एक छोटी संख्या. मूळ माहितीत एक बिट बदलला तरी ती पार वेगळी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद मागितली आहे. जप्त डिस्कच्या इमेजवर तपास करताना मूळ डिस्क अस्पर्श राहिली, हे न्यायालयापुढे या संख्येच्या आधारे मांडता येते.

हॅश जुळला म्हणजे नक्कल अचूक आहे एवढेच कळते. त्या नकलेवरून यंत्र सुरू होईल का आणि किती वेळात होईल, हे कोऱ्या डिस्कवर ती उतरवून पाहिल्याखेरीज कळत नाही. पुष्कळ संस्था रोज रात्री बॅकअप घेतात आणि ही परीक्षा टाळतात. मग ती परीक्षा हल्ल्याच्या सकाळी, खिडकीपुढे रांग उभी असताना द्यावी लागते. एम्सची माहिती वाचली ती एका सर्व्हरमुळे. तो वाचला नसता, तर रुग्णांच्या किती वर्षांच्या नोंदी पणाला लागल्या असत्या, याचा विचार देशातील प्रत्येक रुग्णालयाने, विद्यापीठाने आणि प्रयोगशाळेने करावा, आणि आपली शेवटची इमेज एकदा उतरवून पाहावी.